सर जॉर्ज गेब्रियल स्टोक्स

दिवाळींतील पणती असो कीं नाताळांतील मेणबत्ती असो, तिच्या ज्योतीवर क्षणभर बशी धरली तर बशीच्या बुडास काजळी धरते. काळेपणास उपमा द्यावयाची झाली तर आपण काजळाचीच देतों. ज्योत तो प्रकाश आणि काजळी तो अंधार, असेंच आपण लहानपणापासून मानीत आलों. परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभीं रसायनशास्त्रज्ञांस असें आढळून आलें कीं, ज्या कर्बाची ही काजळी बनते त्याच कर्बाचे अत्यंत सूक्ष्म कण वेगळे काढून पाण्यांत सोडले व त्यांवर डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण पाडले, तर ते कण निळा, हिरवा, पिवळा असा मनोहर प्रकाश टाकतात. अशा प्रकाशण्यास ज्या नांवानें सारें जग ओळखतें, तें नांव इ. स. १८५२ सालीं आयर्लंडमधील एका पाळकाच्या मुलानें दिलें. त्या थोर पुरुषाचें चरित्र आम्ही येथें आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें ठेवीत आहों.

जॉर्ज गेब्रियल स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजीं आयर्लंडच्या पश्चिम भागांत, स्लायगो परगण्यांतील स्क्रीन या लहानशा गांवीं झाला. त्यांचे वडील गेब्रियल स्टोक्स हे त्या गांवच्या चर्चचे पाळक होते. आईही पाळकाच्याच घराण्यांतील होती. भावंडांत जॉर्ज सर्वांत धाकटा. घरांत थाटमाट नव्हता. परंतु प्रार्थना, वाचन आणि साधी राहणी यांची शिस्त होती. जॉर्जचे तीन वडील बंधु पुढें पित्याप्रमाणेंच धर्मोपदेशक झाले. धाकट्या जॉर्जचा मार्ग निराळा निघाला. पण त्या घराचा संस्कार त्यांनीं जन्मभर सोडला नाहीं.

तेराव्या वर्षीं जॉर्जला डब्लिन येथील शाळेंत पाठविलें. तेथें भूमितींतील कठीण सिद्धांत तो आपल्या रीतीनें सोडवी व गुरुजनांस चकित करी. इ. स. १८३४ मध्यें वडिलांचें देहावसान झालें. पंधरा वर्षांच्या मुलावर हा मोठाच आघात होता. परंतु घरच्या माणसांनीं त्याचें शिक्षण खुंटूं दिलें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं तो इंग्लंडांतील ब्रिस्टल कॉलेजांत दाखल झाला व तेथून १८३७ सालीं केंब्रिज विद्यापीठाच्या पेंब्रोक कॉलेजांत गेला. चार वर्षांनीं, १८४१ मध्यें, गणिताच्या अत्यंत कठीण अशा ट्रायपॉस परीक्षेंत त्याचा पहिला क्रमांक आला व तो सीनियर रँग्लर झाला. हा शब्द महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनीं हाच मान १८९९ सालीं दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर संयुक्तपणें मिळविला. त्याच वर्षीं केंब्रिज येथें वृद्ध स्टोक्स यांच्या अध्यापकपदाचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

इ. स. १८४९ मध्यें, अवघ्या तिसाव्या वर्षीं, स्टोक्स यांची गणिताच्या लुकेशियन अध्यापकपदीं नेमणूक झाली. ज्या आसनावर एके काळीं सर आयझॅक न्यूटन बसले, तेंच हें आसन. मान मोठा, पण वेतन इतकें थोडें कीं, कांहीं वर्षें स्टोक्स यांस लंडन येथील सरकारी खनिविद्यालयांत जाऊन शिकवावें लागे. त्यांनीं पाण्याच्या व हवेच्या चिकटपणाचा अभ्यास केला. लहानशी गोळी पाण्यांतून अथवा हवेंतून खालीं येतांना तिचा वेग कशावर अवलंबून असतो, याचा नियम त्यांनीं १८५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत मांडला. मेघांतील जलबिंदु आकाराने बारीक असल्यामुळें इतके हळूहळू खालीं येतात कीं, ते आकाशांत तरंगत असल्यासारखे दिसतात, ही गोष्ट या नियमानें उलगडली.

आतां आम्ही त्यांच्या आयुष्यांतील त्या कार्याकडे वळतों, ज्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला आहे.

हिंवतापावर पूर्वीं आपल्याकडे घरोघर कोयनेल घेत असत. या औषधाचें सौम्य गंधकाम्लांत केलेलें पाणी पाहावें तर स्वच्छ, रंगहीन दिसतें. पण उन्हांत धरून बाजूनें पाहिलें तर त्याच्या पृष्ठभागावर आकाशासारखी निळी झांक चमकते. सर जॉन हर्शेल यांनीं १८४५ मध्यें या निळ्या झांकीचें वर्णन केलें होतें. त्यांस आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जो सूर्यप्रकाश एकदां कोयनेलच्या पाण्यांतून गेला, तो पुन्हां दुसऱ्या पात्रांतील कोयनेलमध्यें निळी झांक उत्पन्न करूं शकत नसे. डोळ्यांस तर तो प्रकाश पूर्वींइतकाच शुभ्र दिसे. मग त्यांतून गेलें काय?

हें कोडें स्टोक्स यांनीं हातीं घेतलें. अंधाऱ्या खोलींत खिडकीच्या फटींतून आलेला सूर्यकिरण त्यांनीं कांचेच्या त्रिकोणी लोलकांतून नेला. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटला. मग कोयनेलच्या पाण्यानें भरलेली कांचेची नळी त्यांनीं त्या पट्ट्यांतून हळूहळू सरकवीत नेली. तांबड्यांत कांहीं झालें नाहीं. पिवळ्यांत व हिरव्यांतही नाहीं. जांभळ्याच्या टोकाशीं मात्र नळींत निळा प्रकाश उमटूं लागला. आणि नळी जांभळ्याच्याही पलीकडे, जेथें डोळ्यांस केवळ काळोख दिसत होता तेथें नेली, तरी ती निळ्या तेजानें उजळलेलीच राहिली! अंधारांत जणूं दीप लागला. न दिसणारा प्रकाश आंत जात होता आणि दिसणारा प्रकाश बाहेर येत होता. पहिल्या पात्रानें हेच अदृश्य किरण शोषून घेतल्यामुळें हर्शेल यांच्या दुसऱ्या पात्रास कांहीं उरत नव्हतें.

विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. न्यूटन यांच्या काळापासून विद्वानांची अशी दृढ समजूत होती कीं, लोलकानें वेगळ्या केलेल्या किरणाचें वक्रीभवन, म्हणजे त्याचा जातिधर्म, कधीं बदलत नाहीं. स्टोक्स स्वतः न्यूटन यांच्या आसनावर बसलेले. त्यांचें मन या जुन्या सिद्धांताच्या बाजूचेंच होतें. परंतु प्रयोग तर उघडपणें सांगत होता कीं, आंत गेलेला किरण एका जातीचा व बाहेर आलेला दुसऱ्या जातीचा आहे. पूज्य गुरूचा शब्द मोठा कीं सृष्टीची साक्ष मोठी? स्टोक्स यांनीं सृष्टीची साक्ष मानली, आणि न्यूटन यांच्याविषयींचा आदर तिळमात्र कमी होऊं दिला नाहीं. आमच्या मतें त्यांच्या थोरपणाची ही पहिली खूण होय.

त्यांचा प्रदीर्घ निबंध १८५२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला. फ्लोअर-स्पार नांवाचें एक खनिज अशीच झांक दाखवितें, म्हणून त्यांनीं एका तळटीपेंत या गुणास फ्लुओरेसन्स असें नांव सुचविलें. आपण त्यास प्रतिदीप्ति म्हणूं. बाहेर पडणारा प्रकाश हा शोषलेल्या प्रकाशापेक्षां वर्णपटांत नेहमीं तांबड्या बाजूस असतो, असा नियम त्यांनीं बांधला. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर पदार्थ जेवढी शक्ति घेतो तींतील कांहीं भाग आंतल्या आंत उष्णतेच्या रूपानें खर्च होतो, म्हणून परत येणारा किरण थोडा दुबळा असतो. पुढें या नियमास कांहीं अपवाद सांपडले; तथापि घेतलेल्या व दिलेल्या प्रकाशांतील या अंतरास आजही स्टोक्स यांचेंच नांव आहे.

त्यांनीं केवळ द्रवच तपासले असें नाहीं. आपल्या स्वयंपाकघरांतील हळदीचा अर्क आणि रानांतील धोतऱ्याच्या बियांचा अर्क हेही त्यांच्या प्रयोगांत होते. कागद, हाड, हस्तिदंत, शिंग, बूच, पिसें, एवढेंच नव्हे तर मनुष्याच्या हाताची कातडी, असे घन पदार्थही त्यांनीं त्या अदृश्य किरणांत धरून पाहिले व पुष्कळांत प्रतिदीप्ति थोडीबहुत असते असें दाखविलें. कोयनेलचें तेज नाजूक असतें, हेंही त्यांच्या ध्यानांत आलें. त्या पाण्यांत साधें मीठ टाकलें तरी निळी झांक मावळते. तेज कशानें उजळतें याइतकाच तें कशानें विझतें हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें. या मिठाची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होईल.

या शोधाबद्दल १८५२ सालींच रॉयल सोसायटीनें त्यांस रम्फर्ड पदक दिलें. दोन वर्षांनीं, १८५४ मध्यें, ते त्याच संस्थेचे चिटणीस झाले आणि १८८५ पर्यंत, म्हणजे ३१ वर्षें, त्यांनीं तें काम केलें. देशोदेशींच्या शास्त्रज्ञांचे निबंध येत. स्टोक्स ते बारकाईनें वाचीत, चुका दाखवीत, प्रयोग सुचवीत, अडलेलें गणित सोडवून देत. पत्रव्यवहार इतका वाढला कीं, टंकलेखनाचें यंत्र निघाल्यावर त्यांनीं उतारवयांत तें वापरण्यास आरंभ केला. कित्येक निबंधांत उत्तम म्हणून गाजलेला विचार मूळचा स्टोक्स यांच्या पत्रांतला असे. पण निबंधावर नांव दुसऱ्याचें. त्यांच्या मित्रांस याचा खेद होई. एवढ्या बुद्धीच्या पुरुषानें स्वतःचे शोध बाजूस ठेवून इतरांचीं लिखाणें तपासण्यांत आयुष्य वेंचावें, ही विद्येची हानि होय, असें पुष्कळांस वाटे. हा आक्षेप खोटा नाहीं. तरुणपणीं त्यांच्या लेखणींतून जसे एकामागून एक मोठे निबंध निघाले, तसे पुढें निघाले नाहींत.

त्यांची निरिच्छता दाखविणारी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. सूर्याच्या वर्णपटांत ज्या काळ्या रेषा दिसतात त्यांतील एक जोडी सोडियमच्या वाफेमुळें उत्पन्न होते, ही कल्पना स्टोक्स यांनीं आपले मित्र विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांस संभाषणांत पूर्वींच समजावून दिली होती. इ. स. १८५९ मध्यें जर्मन पंडित किरखॉफ यांनीं हा विषय प्रयोगानें सिद्ध करून प्रसिद्ध केला. टॉमसन यांनीं आपल्या मित्राचा हक्क जगापुढें मांडला. परंतु स्टोक्स यांनीं तो नाकारला व सर्व श्रेय किरखॉफ यांचेंच आहे असें स्पष्ट केलें. जें आपण पूर्ण सिद्ध केलें नाहीं त्यावर हक्क सांगणें त्यांस अप्रामाणिकपणाचें वाटलें.

इ. स. १८५७ मध्यें त्यांनीं आर्मा येथील ज्योतिषशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांची कन्या मेरी हिच्याशीं विवाह केला. त्या वेळीं कॉलेजच्या फेलोंस विवाहाची मनाई होती, म्हणून स्टोक्स यांस पेंब्रोकची फेलोशिप सोडावी लागली. नियम बदलल्यावर १८६९ मध्यें ती त्यांस परत मिळाली. संसारांत सुख होतें, तसें दुःखही होतें. दोन कन्या बालपणींच गेल्या. इ. स. १८९३ मध्यें, ज्या वर्षीं त्यांस रॉयल सोसायटीचें सर्वश्रेष्ठ असें कोप्ले पदक मिळालें त्याच वर्षीं, डॉक्टर झालेला त्यांचा एक पुत्र ऐन उमेदींत मृत्यु पावला. मानसन्मान आणि पुत्रशोक एकाच वर्षीं दारीं आले. अशा प्रसंगीं त्यांस आधार होता तो बालपणीं स्क्रीनच्या घरांत लाभलेल्या श्रद्धेचा. सृष्टीचे नियम आणि सृष्टिकर्ता यांत त्यांस विरोध दिसत नसे. एडिंबरो येथें त्यांनीं १८९१ व १८९३ या वर्षीं निसर्ग आणि ईश्वर या विषयावर व्याख्यानें दिलीं.

इ. स. १८८५ पासून १८९० पर्यंत ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. इ. स. १८८७ ते १८९२ या काळांत केंब्रिज विद्यापीठाचे प्रतिनिधि म्हणून ते पार्लमेंटांत बसले व १८८९ सालीं बॅरोनेट झाले. लुकेशियन अध्यापक, विद्यापीठाचा प्रतिनिधि व सोसायटीचा अध्यक्ष हे तिन्ही मान पूर्वीं न्यूटन यांनीं भूषविले होते. इ. स. १९०२ मध्यें स्टोक्स पेंब्रोक कॉलेजचे मुख्य झाले आणि १ फेब्रुवारी १९०३ रोजीं केंब्रिज येथें त्यांचें देहावसान झालें. त्या दिवसापर्यंत ते अध्यापकपदावर होते. या सेवेस ५३ वर्षें उलटून गेलीं होतीं.

आतां आरंभीं सांगितलेल्या काजळीकडे पुन्हां वळूं. इ. स. २००४ मध्यें अमेरिकेंतील साउथ कॅरोलायना विद्यापीठांत कर्बाच्या सूक्ष्म नळ्या स्वच्छ करीत असतां, विजेच्या ज्योतींत झालेल्या काजळींतून प्रतिदीप्त असे कण अनपेक्षितपणें वेगळे निघाले. इ. स. २००६ मध्यें त्याच प्रांतांतील क्लेमसन विद्यापीठाच्या संशोधकांनीं असे कण मुद्दाम तयार केले व त्यांस कार्बन डॉट्स, म्हणजे कर्बबिंदु, हें नांव दिलें. नुसते कण फारसे प्रकाशत नव्हते. त्यांच्या अंगावर दुसऱ्या सेंद्रिय द्रव्याचें आवरण चढविल्यावर ते तेजस्वी झाले. पुढल्याच वर्षीं मेणबत्तीच्या काजळीपासूनही असे कण काढून दाखविण्यांत आले. एका मीटरचे एक अब्ज भाग केले तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. हा कण बहुधा दहा नॅनोमीटरांहूनही लहान असतो. लिंबांत जें सायट्रिक आम्ल असतें तें योग्य द्रव्याबरोबर तापवूनही हे कण तयार होतात. यांपैकीं निळे कण किती तेजस्वी आहेत हें ठरवितांना आजही पुष्कळ प्रयोगशाळांत स्टोक्स यांचें तें कोयनेलचें पाणीच प्रमाण म्हणून शेजारीं ठेवतात. त्यानें शंभर प्रकाशकण शोषले तर सुमारें ५४ परत मिळतात.

परंतु येथें एक मोठी अडचण उभी राहिली. पाण्यांत झळकणारे बहुतेक कर्बबिंदु वाळवून त्यांची भुकटी केली कीं त्यांचें तेज मावळतें. पाण्यांत ते एकमेकांपासून दूर असतात. भुकटींत ते एकमेकांस चिकटतात. एकानें शोषलेली शक्ति शेजाऱ्याकडे, त्याच्याकडून पुढल्याकडे अशी जाते आणि शेवटीं प्रकाश न होतां उष्णतेंत विरून जाते. दिव्यास तर पाणी चालत नाहीं. तेथें घन पदार्थच हवा. आजच्या पांढऱ्या एल. ई. डी. दिव्यांत निळ्या प्रकाशापुढें पिवळें प्रकाशणारें चूर्ण बसविलेलें असतें, व त्यासाठीं बहुधा दुर्मिळ मृद्धातु लागतात. तें काम स्वस्त कर्बानें व्हावें, अशी संशोधकांची इच्छा आहे. लपलेले बोटांचे ठसे दाखविणें व खोट्या वस्तु ओळखणें, यांसाठींही अशी भुकटी उपयोगी पडते.

यावर निघालेले उपाय साधे आहेत. पिठुळ स्टार्चच्या कणांवर हे बिंदु विरळ बसविले कीं ते कोरडेही प्रकाशतात. कांहींनीं ते वाळूच्या जातीच्या सिलिकांत अडकविले. कांहींनीं बिंदूंच्या अंगास लांब रेणूंची अशी झालर लावली कीं ते एकमेकांस भिडूंच नयेत. आणि कांहींनीं ते मिठाच्या स्फटिकांत कोंडले! जें मीठ पाण्यांत कोयनेलचें तेज विझवितें, तेंच घनरूपांत कर्बबिंदूंस एकमेकांपासून दूर ठेवून त्यांचें तेज राखतें. स्टोक्स आज असते तर ही गोष्ट ऐकून त्यांस केवढा आनंद झाला असता! हा शोध अजून पुरा झालेला नाहीं. तांबडा प्रकाश देणारी, दीर्घ काळ टिकणारी व उष्णतेस न डरणारी भुकटी करणें आजही कठीण आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी तें काम पुढें हातीं घेईल, अशी आशा आम्हीं कां धरूं नये?

आरंभ घरींच करतां येतो. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा दुकानांतून मिळतो. वडील माणसांच्या देखरेखीखालीं, विस्तवापासून दूर, थोडी हळद स्पिरिटांत कालवून गाळावी व अंधारांत तिच्यावर तो दिवा धरावा; दिव्याकडे मात्र सरळ पाहूं नये. त्या पिवळ्या अर्कांतून हिरवट प्रकाश निघालेला दिसेल. स्टोक्स यांनीं हळदीच्या अर्कांत जें पाहिलें तें आपल्याच घरांत पाहावयास मिळेल.

राहतां राहिला तो आक्षेप, कीं या पुरुषानें आपलें आयुष्य इतरांच्या कामांत वेंचलें. आम्हांस असें वाटतें कीं, याचें उत्तर त्यांच्याच नियमांत आहे. जो पदार्थ न दिसणारा किरण घेऊन दिसणारा करून देतो, त्यानें घेतलेल्या शक्तींतील कांहीं शक्ति त्यांत खर्ची पडतेच. ती वांचवावयाची तर प्रकाश देतां येत नाहीं. ३१ वर्षें स्टोक्स यांनीं अनेकांच्या अंधारांतील कार्यास जगाच्या दृष्टीस पाडलें व त्याची किंमत स्वतः मुकाट्यानें भरली. हानि झाली हें खरें. पण ती कोणाच्या लाभासाठीं झाली, हेंही पाहिलें पाहिजे. वर्गांत मागें पडलेल्या सोबत्यास आपला वेळ देऊन गणित समजावून सांगणाऱ्या विद्यार्थ्यानें आपला वेळ फुकट गेला असें कधीं मानूं नये, एवढेंच या चरित्रावरून आमचें सांगणें आहे.